सरस्वतीच्या अंगात स्क्रू नको

अभ्यासाला आलेली लुंबिनी स्कूटी लावून चार पावलं पुढे गेली नसेल, तोच वरून शारदा अभ्यासिकेचा बोर्ड आला.

पडला असं म्हणता येणार नाही. वाऱ्याने तो लोखंडी चौकटीवरून केळीच्या सालीसारखा सोलला, हवेत एक कोलांटी दिली आणि उभ्या धारेवर खाली सोडला. स्कूटीच्या सीटमध्ये तो वीतभर रुतून उभा राहिला. पोरगी जिथे बसून आली होती, अगदी तिथेच.

समोरच्या पीठगिरणीच्या शटरवर सलीम पेंटर मोबाइल नंबर लिहीत होता. ब्रश हातातून कधी गळला ते त्याला कळलं नाही. लुंबिनी ओरडली नाही की रडली नाही. पाठीवरची बॅग चाचपत एवढंच म्हणाली, "मी उतरले होते ना? उतरलेच होते ना मी?"

माणसं धावली. कुणीतरी विचारलं, "कुनी लावला व्हता रे ह्यो बोर्ड?"

"मी," सलीम म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला लांबून आल्यासारखा वाटला.

नायगावात सलीम पेंटरच्या हातचा बोर्ड नाही असं दुकान शोधावं लागलं असतं. वडील बैलगाड्या रंगवायचे, सलीम दुकानांवर आला. अडतीस वर्षं पत्रा, रेड ऑक्साइड, ऑइल पेंट. मराठी शाळेत सातवीपर्यंतच शिकला, पण त्याचा 'श्री' बघून मास्तर लोक थांबायचे. कोणत्याही देवाचं नाव लिहायचं असलं की आधी हात धुवायचे, चपला बाजूला काढायच्या, ही त्याची रीत. बायको शकिला हसायची, "दुकानदार खुद चप्पल घालून उभा आणि तुम्ही अनवाणी!" त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं. "त्याचं त्याच्यापाशी. हात माझा हाय."

आणि एक बढाई होती. "सलीमचा बोर्ड गंजंल, पन पडनार न्हाई."

राजश्रीबाई फेब्रुवारीत त्याच्याकडे आल्या होत्या. झेडपीच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, घराच्या वरच्या मजल्यावर पोरांसाठी अभ्यासिका काढायची होती. सलीमने आधी पत्राच सुचवला. चांगला जाड पत्रा घ्यायचा, चारी कडा चौकटीवर वळवून मागून ठोकायच्या, दोन हात रंग. दहा वर्षं बघायचं काम नाही.

"आणि सरस्वती?"

"मी काढून देतो की, बाई. हंसासकट."

"तुमच्या हाताबद्दल शंका नाही हो. पण पत्र्याचा बोर्ड बघून आजची पोरं म्हणतील, वर पीठगिरणी काढली का बाईंनी?"

मग फ्लेक्सचा विषय निघाला, तो नको म्हणून सलीमनेच सांगितलं. आपल्याकडच्या उन्हात एका उन्हाळ्यात रंग उडतो आणि वाऱ्याने चिंध्या होतात. मग बाईंनी लातूरला क्लासेसच्या रस्त्यावर पाहिलेल्या बोर्डांचं वर्णन केलं. चकचकीत, न गंजणारे, पावसाने धुतले की नव्यासारखे. एसीपी. म्हणजे ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पापुद्र्यांत प्लास्टिक दाबून केलेली शीट. हाताच्या कामाला गिऱ्हाईक कमी झालं तसं सलीमही नांदेडला जाऊन हे काम शिकून आला होता. बाईंनी छापलेलं चित्र मोठं घ्यायला लावलं. डावीकडे सरस्वती, तिचा हंस पार कडेपर्यंत.

बोर्ड चढवायच्या दिवशी सलीम ड्रिल घेऊन शिडीवर होता. एसीपीची गोष्ट अशी, की ती पत्र्यासारखी मागे वळवून ठोकता येत नाही. समोरून, फूटफूटभर अंतरावर, चौकटीच्या पाइपात स्क्रू मारावे लागतात. डावीकडचा पाइप नेमका सरस्वतीच्या मागून गेला होता. उजवीकडचे स्क्रू झाले आणि खालून बाई कळवळल्या.

"सलीमभाई, थांबा! देवीच्या अंगात स्क्रू नका हो मारू. माझ्यानं बघवणार नाही."

तो थांबला. खरं तर बाई बोलायच्या आधीच त्याचा हात थांबला होता. पत्र्यावर एवढे देव काढले, पण एकाच्याही अंगाला भोक पाडायची वेळ आली नव्हती. डावीकडे त्याने नुसता दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप लावला, कडेला सिलिकॉन भरलं. उन्हात टेप सुटतो हे नांदेडच्या कारागिराने त्याला बजावून सांगितलं होतं. त्याने ते ऐकलं होतं. आणि बाई हात जोडून समाधानाने हसल्या, तेव्हा त्यालाही बरं वाटलं होतं.

आता तीच सरस्वती चिरलेल्या सीटमध्ये आडवी रुतली होती. राजश्रीबाई जिन्यातून धावत खाली आल्या. त्यांनी बोर्ड पाहिला, लुंबिनीला पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. गर्दीतला एक जण सलीमला म्हणत होता, "आरं, आडतीस वर्सं काय शेन थापत व्हता का?" बाईंच्या तोंडून शब्द फुटेना. सलीमनेही त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्याला दुसरंच आठवलं होतं.

गुरुबसप्पा.

स्टँडसमोर गुरुबसप्पाचं बी-बियाण्याचं दुकान, नीलकंठ कृषी केंद्र. बाईंच्या बोर्डानंतर महिन्याने सलीमने त्या दुकानावर तसाच बोर्ड लावला होता. तिथे डावीकडे महादेव. आणि तिथे कुणी सांगितलंही नव्हतं. त्याने आपणहून टेप लावला होता. देगलूरच्या बसला थांबलेली माणसं त्याच बोर्डाच्या सावलीत उभी राहतात.

त्याने वर बघितलं. पहिली वावटळ होऊन गेली होती, पण देगलूरच्या बाजूचं आभाळ शाईसारखं काळं होतं.

सलीमने गिरणीपाशी टेकवलेली शिडी खांद्यावर घेतली, सामानातलं चार्जिंगचं ड्रिल आणि मूठभर स्क्रू पिशवीत टाकले आणि पळत सुटला. पाठीमागे कुणीतरी ओरडलं, "बगा, पळून चाललाय!"

दुकानासमोर वीसेक माणसं उभी. एक बाई तान्हं लेकरू घेऊन नेमकी महादेवाखाली. सलीमने शिडी टेकवली तसा गुरुबसप्पा गल्ल्यावरून उठून बाहेर आला.

"काय करायलास, सलीम?"

"स्क्रू मारायचेत, अप्पा. डावीकडं एक बी न्हाई. आत्ता बाईंचा बोर्ड उडला. पोरगी वाचली, बस."

"डावीकडं? देवाच्या अंगात?" गुरुबसप्पाने शिडी धरली. "ते न्हाई जमायचं. मी मानसं हटवतो. वारं थांबलं की उतरवू सावकाश."

"अप्पा, ती शीट खाली न्हाई पडत. वारं नेईल तिकडं जाती. कुटं कुटं हटवताल? स्टँड रिकामं करताल?"

"न्हाई म्हनलं ना! आमच्या देवाला भोक पाडायचं तू कोन सांगनार?"

सलीमने शिडीवर ठेवलेला पाय खाली घेतला.

"मी सांगते." मागे राजश्रीबाई उभ्या होत्या. धापा टाकत आलेल्या, अनवाणी. माणसं वळून बघू लागली. "अप्पा, माझ्या बोर्डाला स्क्रू मारू नका म्हणून मी सांगितलं होतं त्यांना. मीच. मघाशी सगळे यांना बोलत होते आणि मी गप्प उभी होते. ती पोर जरा वेळ गाडीवर बसून राहिली असती तर..." मग हळूच म्हणाल्या, "तुमच्या देवानं जगासाठी विष गळ्यात धरलं, अप्पा. चार स्क्रू धरील."

गुरुबसप्पाने शिडीवरचा हात काढला नाही. एकदा आभाळाकडे बघितलं, एकदा त्या तान्ह्या लेकराकडे. मग दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली आणि म्हणाला, "चढ."

सलीमने चपला काढल्या, दुकानाच्या माठातलं पाणी हातावर घेतलं आणि वर गेला. जवळून बघितलं तर शीटची कड बोटभर सुटलेली. आत हात जात होता. खालून बाई हात उंचावून पिशवीतला एकेक स्क्रू देत होत्या आणि पुटपुटत होत्या, नमः शिवाय, नमः शिवाय. सलीमच्या तोंडून बिस्मिल्ला निघालं. पहिला स्क्रू जटेत गेला. दुसरा गळ्यात. ड्रिलच्या आवाजासरशी त्याचे डोळे आपोआप मिटत होते. तिसरा गेला आणि वारं आलं.

धुळीने सगळं दिसेनासं झालं. खाली माणसं ओरडत पांगली. शिडी हलली. सलीमने चौथा स्क्रू अंदाजानेच टेकवला, बटण दाबलं, ड्रिल सोडून दिलं आणि चौकटीला मिठी मारली. शीट त्याच्या गालाखाली थरथरत होती, ताप चढलेल्या माणसासारखी. फुगत होती, परत बसत होती. सुटली नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. मग पावसाचे चार टपोरे थेंब पडले आणि वारं उतरलं.

"उतर की आता," गुरुबसप्पा खालून म्हणाला.

सलीम हलला नाही.

"सलीमभाई, झालं हो. उतरा," बाई म्हणाल्या.

"उतरतो, बाई," तो म्हणाला. पण हात सुटेनात. शेवटी गुरुबसप्पाच शिडीवर चढला आणि चौकटीभोवती आवळलेली त्याची बोटं त्याने एकेक करून सोडवली.