देवरावाची चांदी

सन २०२३. मे महिन्याची सुरुवात, ऐन उन्हाळा. बूढापारा मोहल्ल्यात तलावाजवळच्या टपरीवर आम्ही म्हातारे सकाळी सहालाच चहाला जमायचो. किस्से कोणी गोळा करत नाही. चारचौघांत एक जण रोज नवा मूर्खपणा करतो आणि ते आपोआप साचतात. आमच्यात तो एक म्हणजे देवराव. रेल्वेच्या मालधक्क्यावर क्लार्क होता, आता पेन्शनर; गुढियारीच्या घरून रोज स्कूटरवर यायचा. मी उरल्याच्या लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये मिस्त्री म्हणून हयात घालवली. शिक्षण चौथी. पण कोणी न मागता नफा वाटू लागला, की मी आधी आपला खिसा चाचपतो.

*

देवरावाने फोनवर चांदीचा वायदा घेतला.

"पाच किलो, मिस्त्री! भरले फक्त चाळीस हजार."

"बाकीचे कोण भरते?"

"भराचेच नाही! याले मार्जिन म्हणते."

"अन् भाव पडला तर? नुकसान चाळीस हजारावर, का पाच किलोवर?"

देवराव चहा ढवळत बसला. चहा बिनसाखरेचा होता!

*

एक 'सर' त्याला टिप द्यायचे. फी महिन्याला दोन हजार. एकदा मीच फोन घेतला.

"अंकल, पैसा डबल होगा, गारंटी है!"

"तो खुद लगाओ ना बेटा. दो हजार के लिए हमको काहे को फोन करते हो?"

फोन कट! देवराव दोन दिवस रुसला. "सरचा मूड खराब केला तुनं!"

*

मग त्याने स्टॉपलॉस लावला. भाव ठरलेल्या आकड्यापर्यंत पडला की सौदा आपोआप कटतो, नुकसान तिथेच थांबते. पण भाव जवळ आला की हा आकडाच खाली सरकवायचा. तीनदा सरकवला!

मी म्हटलं, "तू रेल्वेतला ना? गाडी आल्यावर उघडते ते फाटक कोणत्या कामाचं?"

*

खरी खोड मालधक्क्याची. भाव नसला की व्यापारी माल गोदामात ठेवतात, हे त्याने जन्मभर पाहिलेलं.

"पडून राहू दे. चांदी काय सडते?"

"चांदी हाय कुठं?"

"फोनमधी."

वायद्याला मुदत असते. भाव पडून भरलेलं मार्जिन कमी पडलं, तर मुदतीचीही वाट कोणी पाहत नाही. ब्रोकरने सौदा कापला. तीस हजार गेले. दुसऱ्या दिवशी देवराव टपरीवर आला, तो चहा न घेताच उठू लागला. मी खोदून विचारलं, तेव्हा कळलं. ते पैसे नातीच्या कॉलेजच्या फीचे होते.

माझ्याकडे तीस हजार होते, बायकोच्या मोतीबिंदूसाठी ठेवलेले. दिले.

"दसऱ्याच्या आत पाहिजे. ऑपरेशन हाय. अन् फोनमधून कमावलेले मले नको."

*

त्यानंतर मी रोज त्याचा फोन तपासायचो. त्याला राग यायचा, येऊ दे. एकदा गमछ्याखाली चांदीचा भाव पाहताना पकडला!

"काहून पाहून राहिला?"

"घेत नाही ना, फक्त पाहून राहिलो."

"दारू सोडलेला माणूस भट्टीसमोर काहून उभा राहते?"

*

दसऱ्याला चार दिवस होते. देवराव माझ्या दारात आला. गुढियारीहून पायी, शर्ट घामाने चिकटलेला.

"स्कूटर कुठं हाय?"

"डॉक्टरनं चालाले सांगितलं."

"कोणत्या डॉक्टरनं?"

त्याने खिशातून पुडकं काढून माझ्या हातात ठेवलं. मी त्याच्यासमोर मोजलं. तीस हजार. पूर्ण.