ब्रूडर कुलकर्णी आणि समैस्माची जर्मन मंडळी

किस्से मी मुद्दाम जमवत नाही. इथल्या धुळीसारखे ते आपोआप घरात येतात. खिडक्या लावा, चौकटी पुसा, सकाळी बोट फिरवलं की आहेतच पुन्हा! अल अझीझियातल्या आमच्या फ्लॅटवर कुणी चहाला आलं की मी 'आमचे जर्मन' हा विषय काढते, आणि चहा हमखास गार होतो.

आता हे 'आमचे जर्मन' कोण, ते आधी सांगते. लग्नाआधी मी पुण्यात जर्मन शिकले. इथे दोह्यात एका इंजिनिअरिंग ऑफिसात मशीनची मॅन्युअल्स जर्मनमधून इंग्रजीत आणते. त्याच ऑफिसात हेल्मुट सल्लागार आहेत. हॅम्बुर्गचे, उंच, पांढऱ्या भुवयांचे. ते आणि त्यांची बायको उर्सुला दोह्याबाहेर समैस्मा गावात समुद्राकाठच्या व्हिलात राहतात. महिन्यातून एका शुक्रवारी तिथे त्यांचं बंधुमंडळ जमतं. परदेशात राहूनही आपल्या गावचे सण करायचे, गाणी म्हणायची, उर्सुलाबाईंचा सफरचंदाचा केक खायचा, एवढाच कार्यक्रम.

एकदा हेल्मुटनी मला फोनवर जर्मन बोलताना ऐकलं आणि थेट आमंत्रणच दिलं.

*

मंडळाची रीत अशी, की नव्या माणसाने उभं राहून आपलं मूळ गाव सांगायचं. मी उभी राहिले. "पुणे," म्हटलं.

हेल्मुटनी गंभीरपणे विचारलं, "उत्तरेला की दक्षिणेला?"

"पश्चिमेला."

त्यांचा चेहरा उजळला. "छान! आमच्याकडे पश्चिमेचं कुणी नव्हतंच!"

झाले मी मेंबर. आणि मंडळात सगळे एकमेकांना 'ब्रूडर' म्हणतात, म्हणजे भाऊ. बाई असो की बाप्या, नियम म्हणजे नियम. तेव्हा मीसुद्धा ब्रूडर कुलकर्णी!

सोबत आलेला नितीन, माझा नवरा, हे ऐकून मराठीत म्हणाला, "तू भाऊ, मग मी कोण? वहिनी?"

शेजारी बसलेल्या क्लाउसनी तेवढा एकच शब्द उचलला. क्लाउस बव्हेरियाचा, मंडळातला सगळ्यात जाडा आणि सगळ्यात हळवा माणूस. तेव्हापासून तमाम जर्मन माझ्या नवऱ्याला अतिशय आदराने 'हेर वाहिनी', म्हणजे श्रीयुत वहिनी, म्हणतात. वहिनीचा अर्थ मी त्यांना अजून सांगितलेला नाही.

*

त्यांच्याकडे मे महिन्यात वसंताचा खांब उभारतात. इथे मे महिन्यात चप्पल वाळूवर ठेवली तर तिचीच भाकरी होईल. म्हणून आम्ही तो खांब फेब्रुवारीतच उभा करतो. देवदाराचं झाड कुठून आणणार? क्लाउसनी साइटवरचा परांचीचा पाइप आणला. त्याला निळ्या-पांढऱ्या फिती बांधल्या. समुद्रावरून वारा आला, फिती आडव्या झाल्या, आणि घटकाभर असं वाटलं की तो पाइपच आता आम्हाला सगळ्यांना घेऊन कुठेतरी निघालाय.

शेजारचे अबू खालिद भिंतीवरून बघत होते. म्हातारे कतारी गृहस्थ, पूर्वी मासेमारी करायचे.

"लग्न आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही," हेल्मुट म्हणाले, "वसंत आलाय."

अबू खालिदनी डावीकडे पाहिलं. वाळू. उजवीकडे पाहिलं. वाळू.

"कुठे?"

ते आत निघून गेले. आम्हाला वाटलं, रागावले. थोड्या वेळाने आपल्या बागेतली बोगनवेल कापून, कवेत घेऊन आले आणि म्हणाले, "यल्ला, चला, आता बांधा. आता आला."

*

ऑक्टोबरचा उत्सव म्हणजे मोठमोठे दगडी मग आणि बाकांवर बसून डोलत गाणी. मगात मात्र सुपरमार्केटमधलं बिनदारूचं माल्टचं पेय. डबा फोडायचा, मगात ओतायचं, फेस यायची वाट बघायची.

क्लाउसचे तीन मग झाले आणि त्याचे डोळे भरून आले. चौथ्याला तो आपल्या गावच्या डोंगरांची नावं घ्यायला लागला. एकेक डोंगर, जणू आत्ता समोर समुद्रातून वर येतोय. मग त्याने नितीनच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि हमसून हमसून रडला.

नितीन घाबरला. "अरे, पण यात काही नाहीये! लेबल वाच!"

"मला माहीत आहे, हेर वाहिनी," क्लाउस म्हणाला. "मगाला माहीत नाही ना!"

*

एका जानेवारीत सकाळी गाण्याची तालीम होती, आणि धुकं असं पडलं की समैस्मा गाव नकाशावरून पुसून टाकल्यासारखं झालं. मी आणि माझी लेक इरा चाचपडत कशाबशा व्हिलात पोचलो. बाकीची मंडळी गाड्या लावून उतरली होती, पण व्हिला कुणालाच सापडेना. हाक मारली तर आवाज भलतीकडूनच यायचा.

हेल्मुटनी सगळ्यांना फोनवर हुकूम दिला. "उभे आहात तिथूनच गा. आम्ही गेटातून गाऊ. आवाज जिथे जुळेल तिथे या!"

आणि खरंच, त्या पांढऱ्या पोकळीतून एकेक सूर यायला लागला. डावीकडून जाड, उजवीकडून बारीक. माणूस दिसायचा नाही, नुसता सूर जवळ येत जायचा, आणि मग एकदम एक टोपी, एक नाक, एक क्लाउस!

नितीन नाइट शिफ्ट संपवून परस्पर अल खोरच्या बाजूने यायचा होता. त्याला जर्मन गाणं येत नाही. मराठीही ऐन वेळी एकही आठवेना. शेवटी त्याला जे तोंडपाठ होतं ते त्याने सुरू केलं.

धुक्यातून ऐकू आलं, "बे एके बे... बे दुणे चार..."

हेल्मुटनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. कान दिला.

"ब्रूडर कुलकर्णी, हे कुठलं भजन?"

"पाढे," मी म्हटलं.

"फार सुंदर आहे," ते म्हणाले. "त्यांना सांगा, शेवटपर्यंत म्हणा." आणि तीसचा पाढा होईपर्यंत त्यांनी कुणालाही बोलू दिलं नाही!

*

नोव्हेंबरमध्ये त्यांच्याकडे एका संताचा दिवस असतो. मुलं कागदी कंदील घेऊन रांगेने चालतात. आमची रांग समैस्माच्या किनाऱ्यावरून निघते, सूर्य बुडता बुडता. इराचा कंदील आदल्या दिवशी फाटला, म्हणून आम्ही बाल्कनीतला आकाशकंदीलच काठीला बांधून नेला.

वारा सुटला. पहिला कंदील विझला, दुसरा विझला, बघता बघता सगळे विझले. आमचा बॅटरीचा होता, तो राहिला. अंधारून आलेलं पाणी, ओली वाळू, आणि त्यावरून एकच केशरी चांदणी हलत चाललेली.

एका छोट्या मुलाने इराला विचारलं, "हा कुठल्या संताचा?"

आमच्या लेकीला मराठी समजतं, बोलते मात्र इंग्लिश. "नो सेंट," ती म्हणाली. "जस्ट दिवाली."

हेल्मुट वळले आणि रांगेला म्हणाले, "ऐकलंत? आज सगळ्यांनी जस्ट दिवालीच्या मागे चालायचं!"

आणि एवढे मोठे जर्मन मुकाट चालले.

*

गेल्या हिवाळ्यात माझ्या सासूबाई नाशिकहून आल्या होत्या. त्याच सुमाराला उर्सुलाबाईंचं विसरणं वाढलं होतं. आधी त्यांचं इंग्लिश गेलं. मग शाळेत शिकलेलं जर्मनही गेलं. उरली फक्त त्यांच्या लहानपणच्या डोंगरी गावची बोली. ती ना मला कळायची, ना क्लाउसला, ना हेल्मुटना. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याला बायकोचं बोलणं कळेनासं झालं होतं. ते रोज तिच्यासमोर बसायचे, ती काहीतरी सांगायची, आणि ते नुसती मान हलवायचे.

नाताळच्या आधीच्या शुक्रवारी आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो. आत मंडळी गात होती. सासूबाई व्हरांड्यात उर्सुलाबाईंशेजारी बसल्या, पिशवीतून कापूस काढला आणि वाती वळायला लागल्या. रिकामे हात त्यांना चालत नाहीत. थोड्या वेळाने पाहिलं तर उर्सुलाबाईही वळत होत्या. बोलत होत्या. सासूबाई मराठीत "हो का," "मग हो?" म्हणत होत्या. मला हसू आलं. मी कॉफी करायला गेले.

कॉफीच्या वेळी सासूबाई आत आल्या. पदराने डोळे पुसत होत्या.

"काय झालं, आई?"

"बिचारीची धाकटी बहीण गेली गं, लहानपणी. नदीचा बर्फ झाला होता, दोघी त्यावर खेळत होत्या. बर्फ फुटला. हिने हात सोडला म्हणे. धरवलाच नाही. तेच मनात घेऊन बसलीय अजून."

हेल्मुट म्हणाले, "काय म्हणतात त्या?"

मी सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"हे उर्सुलाने कधीच कुणाला सांगितलेलं नाही. मलाही नाही. तिची आई जाताना मला सांगून गेली, आणि म्हणाली, तिला कधी विचारू नकोस. मी विचारलं नाही."

मी ते सासूबाईंना मराठीत सांगितलं.

"त्यांना म्हणावं," सासूबाई म्हणाल्या, "आता विचारायची गरज नाही. नुसतं जाऊन बसा."

हेल्मुट व्हरांड्यात गेले. उर्सुलाबाईंच्या शेजारी बसले. त्यांनी कापूस उचलला आणि आपल्या मोठ्या बोटांनी एक वात वळली. वाकडी, जाडजूड. उर्सुलाबाईंनी ती हातात घेऊन पाहिली, काहीतरी म्हणाल्या आणि हसल्या. या वेळी हेल्मुटनी मान हलवली नाही. तेही हसले.

परत येताना गाडीत मला राहवेना. "आई, तुम्हाला कळलं कसं? कुठल्या भाषेत बोलत होत्या त्या?"

सासूबाई खिडकीतून समुद्राकडे बघत होत्या.

"भाषेचं नाही बाई लक्षात," त्या म्हणाल्या. "हळू बोलत होत्या."