ताबा

आदिवासी माजी सैनिक म्हणून माझ्या वडिलांना परतवाड्याच्या अलीकडे सरकारी जमीन मिळाली. मिळाली म्हणजे कागदावर. तलाठ्याने येऊन चार हद्दी दाखवायच्या होत्या, तो आलाच नाही. दुसऱ्या कोणी पहिल्याच पावसाळ्यात औत घातलं असतं. आमचे वडील बांधापर्यंत जात आणि तिथेच उभे राहत. फौजेत साधी चौकीसुद्धा कोणी समोर उभं राहून सोपवल्याशिवाय आपली होत नाही, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. "घुसला तो कब्जा, दिला तो ताबा," म्हणायचे. मी डोकं फोडून घ्यायचंच बाकी राहिलं होतं. अशात शेजारच्या शेतकऱ्याने दरवर्षी नांगराची चार तासं पुढे सरकत तिथे आपली तूर पेरायला सुरुवात केली.

मग नोटीस आली. जमीन मुदतीत वहितीत आणली नाही, तर ती सरकारजमा का करू नये? वैशाखात मंडळ अधिकारी पाहणीला आले. त्यांच्या पंचनाम्यावर सगळं अवलंबून होतं, आणि पंच म्हणून उभा कोण, तर हा शेजारी. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

शेतात तुरीची धसकटं होती. साहेबांनी विचारलं, "ही तूर कोणाची?"

शेजारी हुशार. स्वतःची म्हणावी तर अतिक्रमण अंगाशी येणार. "मले काय मालूम साहेब? यायच्या वावरात हाये, यायलेच पुसा."

माझा जीव टांगणीला लागला. एक 'हो', आणि जमीन वाचत होती. मी वडिलांच्या दंडाला चिमटा काढला आणि आमच्या कोरकूत पुटपुटले, हो म्हणा. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"तुम्ही पेरली का?"

"नाई साहेब."

"मग कोणी?"

"ते मी नाई सांगत. मी नाई पेरली, एवढं खरं."

"अहो, जमीन तुमची. काहून नाही पेरली?"

"ताबा भेटला नाई. कोनी आलंच नाई द्याले."

साहेबांचा पेन थांबला. "मग इतकी वर्षं केलं काय?"

"राखली. बांधावरून. डुकरं लई येतात."

शेजाऱ्याने मान खाली घातली. डुकरांपासून त्याची तूर कोणी वाचवली, हे त्याला ठाऊक होतं. साहेबांनी लिहिलं, जमीन अर्जदाराच्या वहितीत नाही. ताबा दिला गेला नाही हेही लिहा, म्हणून मी भांडले, तेव्हा तीही ओळ आली. वडिलांनी ताठ उभं राहून सही केली. निकाल वरून येईल म्हणत साहेब जीपमध्ये बसले.

घरी मी तोंड सोडलं. तुमच्या खरेपणावर आम्ही काय जेवायचं, असं बापाला बोलले. ते ऐकून घेत राहिले, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी मी भाड्याचा ट्रॅक्टर घेऊन शेतात गेले. नांगरणीने प्रकरण सुधरेल की बिघडेल, कोणास ठाऊक. निकाल अजूनही लागलेला नाही. पण त्या सकाळी मला थांबणं शक्यच नव्हतं. वडील मागून चालत आले आणि सवयीने बांधाशी थांबले.

"कोणाचा हुकूम?" त्यांनी विचारलं.

"माझा."

मी खाली उतरून त्यांच्यासमोर उभी राहिले. वर पळसाची रांग, खाली नाला, इकडे शेजाऱ्याचा धुरा, तिकडे गाडरस्ता. चारी हद्दी बोट करून दाखवल्या. म्हटलं, "बाबा, ताबा दिला."

ते माझ्याकडे पाहत राहिले. पोरीकडे पाहावं तसं नव्हे. मग चपला बांधावर काढून ठेवल्या.

"घेतला," म्हणाले, आणि आत आले.