कायदा येतोय, असं मी सांगितलं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवरा होता तोवर त्याच्याजवळही नाही. चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे मी, तेव्हा जमेल तसं लिहिते — पण सरळ लिहिते.

निपाणीत आमच्या गल्लीतल्या बायका विड्या वळतात. मागं विडी कामगारांच्या कार्डांसाठी बेळगावला हेलपाटे मी घातले, आणि कार्डं मिळाली. तेव्हापासून सरकारी कामात माझा शब्द शेवटचा. हे आधी सांगते, कारण मी तोच शब्द वापरला.

एका एजंटानं आम्हा सगळ्यांचे पैसे मोबाइलमधल्या नाण्यात घातले होते — क्रिप्टो. मग बातमी उठली, दिल्लीत त्याचा कायदा होणार. झाला तर नाणं पक्कं. नाही झाला तर आम्हाला वाली कोण? बायकांनी मलाच बेळगावला वकिलाकडं पाठवलं.

वकील म्हणाला, "आक्का, ह्या कायद्याचं नाव किती वर्षं ऐकतोय. ह्या अधिवेशनात येईल असं मला वाटत नाही. पैसे काढून घ्या."

"पण सरकार त्याच्यावर कर घेतंय की."

"कर घेतला म्हणजे राखण केली असं नव्हे."

यात न समजण्यासारखं काय होतं? — काही नाही.

स्टँडवरून घरी न जाता मी एजंटाकडं गेले. तो म्हणाला, "तुमचे देतो, चार दिवस लागतील. पण गल्लीत बोलू नका. सगळ्या एकदम आल्या तर तुमचेबी अडकतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची सुवर्णाक्का मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. हात थांबवून तिनं विचारलं, "आक्का, कायदा येतोय का न्हाय? न्हायतर आजच काढते. पद्माची नर्सिंगची फी हाय ती."

मी काय म्हटलं असेल?

"येतोय. ह्याच अधिवेशनात." — वर तंबाखूचा दाखला दिला. सरकार ज्याच्यावर कर घेतं, ते बुडू देतं का गं? तंबाखूवर जगणाऱ्या गावाला हे पटणारच; म्हणून तर तो दाखला दिला.

"मग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, आणि पुढची विडी घेतली.

माझे पैसे चौथ्या दिवशी आले. पाचव्या दिवशी तरी सांगायचं होतं की नाही? — होतं. पण मग माझे निघाल्याचं कळलं असतं. गप्प बसले. आठवड्यात ॲप बंद पडलं, एजंटाच्या दाराला कुलूप लागलं. बायका पोलिसांत गेल्या. माझेही बुडाले असं सांगून त्या तक्रारीवर मी सही केली.

पद्मा आता आईसमोर बसून विड्या वळते. हुशार पोरगी.

सुवर्णाक्काला वाटतं, कायदा आला की पैसे परत मिळतील. संसद बसली की ती मलाच विचारते, दुसऱ्या कुणाला नाही. परवाही विचारलं, "औंदा तरी येईल न्हवं, आक्का?"

मी म्हटलं, "येईल."