डॉक्टरांच्या तुटलेल्या तारेवरचा आवाज

फोनवर कुणी आपलं नाव सांगितलं, तर तो तोच आहे याची खात्री तुम्ही कधी करून घेतली आहे का?

भुताखेतांविरुद्ध मी अमरावतीत पत्रकं वाटली आहेत. हे लिहिताना संकोच वाटतो, पण लिहितो.

माझी बहीण सुमनताई गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. आमच्याकडे नंबर कोणी सांगत नाही, नावच सांगतात. गावचे डॉक्टर जिनात, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, निघाले की घरून फोनवर म्हणणार, "मी जिनात चाललो आहे, माझे फोन तिकडं द्या." ऑपरेटर देते. आवाज ओळखीचा, एवढाच पुरावा.

गेल्या उन्हाळ्यात, भर दुपारी, बोर्डावर डॉक्टरांच्या घरच्या लाइनचं झाकण पडलं, म्हणजे तिकडून फोन आला. ताईने जिनात चालल्याचा नेहमीचा निरोप घेतला, फोन जिनाकडे वळवले. थोड्या वेळाने तिवस्याहून एका माणसाने डॉक्टरांना फोन लावला. त्याची बायको बाळंतपणात अडली होती. जिनातला चौकीदार डॉक्टरांना शोधत राहिला... डॉक्टर तर घरी झोपले होते. बाई दुसऱ्या दवाखान्यात वाचली. डॉक्टरांनी तक्रार केली, ताईला कामावरून काढलं.

मी अकोल्याहून कॉलेज सोडून आलो. लाइनमनला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांची तार सकाळपासून तोडून खांबावर गुंडाळून ठेवलेली होती — फोन दुरुस्तीला गेलेला. शेजारच्या ऑपरेटरबाईंनीही झाकण पडताना पाहिलं होतं.

"आवाज त्यायचाच होता रे," ताई म्हणाली. "बाई, चहा झाला का, हे रोज इचारतेत. तसंच इचारलं."

मी एक्स्चेंजच्या साहेबांना म्हटलं, निरोप आला की त्याच लाइनवर उलट घंटी देऊन विचारायचा नियम करा. त्या दिवशी घंटी वाजलीच नसती, लबाडी तिथंच कळली असती.

"भूत असन तर असन," साहेब म्हणाले. "पण फोन तुमच्या बहिणीनंच वळवला ना? तुमी पत्रकं छापता, मंग छापा एक भुताच्या नावानं."

नियम झाला नाही. बोर्डाला लिंबू-मिरची मात्र टांगली. ताई अजून घरीच आहे.

तो आवाज कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. पण तो आत कसा शिरला, ते सांगता येतं... आणि ती वाट अजून उघडी आहे.

म्हणून एक करा. फोन वळवायला सांगाल तेव्हा ऑपरेटरला म्हणा, "बाई, आधी उलट घंटी देऊन मलाच विचारा." आणि ताईला कामावर घ्या, असं एक कार्ड साहेबांना टाका.