छातीखाली कापलेलं चित्र

दीड महिन्यापूर्वी माधवीच्या मुलीचा, ईशाचा मेसेज आला. 'आई गेली. फ्यूनरल फ्रायडेला.' साउथहॅम्प्टनच्या लॅबमध्ये माधवी आणि मी सहा वर्षं शेजारी बसलो, आणि नंतरची तीन वर्षं मी तिला साधा फोन केला नाही... कारण सांगायलाच हवं.

पेशींची झीज रोखणारे अतिसूक्ष्म कण, त्यांच्यावर लेप, आणि किरणोत्सारी खूण लावून ते शरीरात कुठं जातात हे स्कॅनवर बघायचं, असं आमचं काम. ते हृदयापर्यंत पोहोचावेत, ही सगळ्यांची इच्छा. माधवी उंदराचं प्रत्येक चित्र नाकापासून शेपटीपर्यंत बघायची. "आधी पूर्ण प्राणी, मग तुमचं हृदय," म्हणायची. डोकं खायची अगदी.

हृदय जेमतेम उजळायचं, लिव्हर मात्र भगभगत असायचं, बहुतेक कण तिथंच साठायचे. लेप बदलला तरी तेच. बॉस मला म्हणाला, पेपरसाठी चित्र छातीखाली काप, लिव्हरपुढे दुसरं काही दिसतच नाही. आमच्याकडे हे सर्रास चालतं. मी कापलं.

"अरे सुहास, उद्या हे माणसांना टोचणार आहेत," माधवी म्हणाली. "मीटिंगमध्ये फक्त एवढं सांग, की पूर्ण चित्र आहे."

मीटिंगमध्ये ती एकटीच बोलली. बॉसनं माझ्याकडे बघितलं. माझ्या व्हिसाच्या पत्रावर त्याची सही व्हायची होती... मी लॅपटॉपमध्ये डोकं खुपसलं. शेपूट घातली, याला दुसरा शब्द नाही. तिनं पेपरवरून आपलं नाव काढून घेतलं. तिचं काँट्रॅक्ट पुढं वाढलं नाही, ती शाळेत सायन्स शिकवू लागली. मला पर्मनंट पोस्ट मिळाली.

फ्यूनरलनंतर माधवीच्या घरी गेलो. इंग्लंडमध्येच वाढलेली ईशा मला आईच्या खोलीत घेऊन गेली.

"काका, लिव्हरबद्दल आई राइट होती?"

"हो."

"मग तुम्ही तिला कधी सांगितला का?"

"नाही."

"लास्ट इयर तिनं सगळं परत चेक केलं. तिला वाटायचं, तिचाच मिस्टेक असेल."

टेबलावर जुने स्कॅन छापून ठेवले होते. प्रत्येक लिव्हरभोवती पेन्सिलची रेघ, शेजारी नव्यानं मांडलेले आकडे. शेवटच्या पानावर तिच्या अक्षरात एवढंच होतं : 'सुहासला विचारू का?'

तिनं फोन केला असता तर मी उचलला असता का, हे मला आजही खात्रीनं सांगता येत नाही.