माझ्या वाफ्यातली हळद

“अजून नाय सांगितलंस पोरीला? बाय माझे, तिच्याच हळदीत न्हाणार तू, नि तिलाच पत्ता नाय!”

मंदाकाकूंचा आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक मारण्यात घडलेला; त्या कुजबुजल्या तरी भिंतीपलीकडे ऐकू यायचं. मी स्वयंपाकघरामागच्या मोरीत बसले होते. बादलीत नुकत्याच उकरलेल्या हळदीचे गड्डे भिजत घातलेले, आणि त्यांच्या बेचक्यांमधली माती मी जुन्या टूथब्रशने काढत होते... पाण्याला तो वास सुटला होता – ओल्या मातीचा, थोडा कापरासारखा, थोडा कच्च्या गाजरासारखा – जो पुढे कुठल्याच पुडीतल्या हळदीला मला आला नाही.

“हळू बोला ना,” आतून आत्या म्हणाली. “परीक्षा होऊ दे तिची. मग सांगते.”

“लावलीस तेव्हाच बोललेलीस, लग्नाला घरचीच काढीन म्हणून. आता काढलीस पण. मांडव घातल्यावर सांगशील काय?”

दोघी हसल्या. मी ब्रश फिरवत राहिले. हातातला गड्डा केव्हाच स्वच्छ झाला होता, तरी त्याच्यावरच फिरवत राहिले.

तेव्हा मी सातवीत होते. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात ऑफिसर, आई कल्याणला बँकेत. दोघंही सकाळी डबे घेऊन बाहेर पडत आणि दिवेलागणीला परतत. बदलापूर पूर्वेला, कात्रपच्याही पुढे, जिथे त्या काळी इमारती संपून मंदाकाकूंची भातखाचरं सुरू व्हायची, तिथे बाबांनी एक लहानसा प्लॉट घेऊन त्यावर बैठं घर बांधलं होतं. पण त्या प्लॉटचं जे काही झालं ते आत्याने केलं. आत्या बाबांची धाकटी बहीण. आजी-आजोबा गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली ती हातात एक कुदळ घेऊनच, असं बाबा गमतीने म्हणत. “आणण्याआधी करून बघू,” हे तिचं नेहमीचं वाक्य. मोरीचं पाणी जिथे जाई तिथे अळू, मांडवावर शिराळी, कुंपणाला घेवडा, मागे चार कोंबड्या आणि त्यांच्यावर सदैव रुसलेला एक कोंबडा. लोणी कढताना त्यात टाकलेलं विड्याचं पान तूप झाल्याचं सांगत तडतडायचं... भात कापून झाल्यावर मंदाकाकू त्याच ओलीवर वाल पेरायच्या, आणि त्यांनी दिलेले वाल भिजवून, मोड आणून, कोमट पाण्यात एकेक दाणा चिमटीत धरून सोलायला आम्ही बसायचो. दाणा सुळकन निसटून कधी भिंतीवर, कधी कोंबड्याच्या पुढ्यात जायचा. संध्याकाळी त्या बिरड्याचा, ओल्या खोबऱ्याचा आणि तव्यावर फुगलेल्या तांदळाच्या भाकरीचा वास घरभर असे, आणि आई दारात चपला काढतानाच म्हणे, “आज माझं सासर नाही, माहेरच आहे हे.”

शाळेत मी फारशी बोलत नसे. इंग्रजीत सगळं लिहिता यायचं, पण वर्गात उभं राहून बोलायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटायची. टीचर प्रत्येक ओपन डेला आईला सांगायच्या की ही हुशार आहे, पण ‘रिझर्व्ह्ड’ आहे. घरी आल्यावर मात्र, दप्तर टाकून, आत्याच्या मागे मागे वाफ्यांमधून हिंडत मी इतकी बोलायचे की तिने कधी कधी हसत कानांवर हात ठेवावेत. वाफसा हा शब्द मला तिने दिला – माती ओलीही नाही, कोरडीही नाही, मुठीत घट्ट धरली तर गोळा होते आणि बोटाने टोकरली तर सुटते, ती वेळ. हा शब्द इंग्रजीत काय, ते मी टीचरना विचारायचं ठरवलं होतं. विचारलं नाही.

हळदीचा वाफा तिने मला दिला तोही अशाच एका वाफशाच्या दिवशी, जेठाच्या शेवटी. “हा तुझा. मी हात लावणार नाही,” ती म्हणाली. “डोळा वर करून ठेवायचा गड्डा, हं. आणि रोज उकरून बघायचं नाही.” मी रोज उकरून बघितलं. मग कर्दळीसारखी रुंद पानं आली, आणि नागपंचमीला त्या पानांवर तांदळाची उकड थापून, वर गूळ-खोबरं पसरून, पान मिटून आम्ही पातोळे उकडले. झाकण काढल्यावर वाफेबरोबर जो हिरवा, उष्ण, गोडसर वास उठला तो मला अजून कुणाला समजावून सांगता आलेला नाही. दिवाळीनंतर पानं पिवळी पडू लागली, माघात पार लोळली. “आता जमिनीत उतरलं सगळं,” आत्या म्हणाली, आणि आम्ही कुदळ घेतली. तिने तेव्हा माझी पाठ थोपटली होती. त्या थोपटण्याचा मी नंतर फार विचार केला.

कारण मोरीत बसून जे ऐकलं त्यात लग्नापेक्षा दुसरीच गोष्ट मला रुतली होती. आत्याचं लग्न होणार, हे वाईट असलं तरी जगात होत असतं. पण ते गड्डा मातीत ठेवण्याआधीच ठरलेलं होतं. होणाऱ्या नवऱ्याचं घर बांधून होईपर्यंत थांबायचं, एवढंच काय ते बाकी होतं, हे मला नंतर कळलं. म्हणजे पातोळे उकडताना तिला माहीत होतं. मी शेणखताची पाटी ओढत होते तेव्हाही. आई-बाबांनाही माहीत होतं, मंदाकाकूंनाही... सगळ्यांनी मिळून मला नाजूक ठरवलं होतं आणि माझ्याभोवती हळू आवाजात बोलत होते.

मी ठरवलं – आपण बोलायचं नाही. ती सांगेल. मला ती सांगेलच.

हळद मोठ्या पातेल्यात मागच्या चुलीवर उकडली. काडी टोचून मऊ झाल्याची खात्री केली आणि गच्चीवर वाळत घातली. रोज शाळेतून आल्यावर ती परतायची, आणि ऊन उतरलं की दवाच्या भीतीने झाकायची, हे आम्हा दोघींचं काम. गच्चीवर आणखी कुणी येत नसे. सांगायला याहून चांगली जागा नव्हती. मी एकेक हळकुंड सावकाश उलटायचे, मुद्दाम वेळ लावायचे. कधी मध्येच गप्प होऊन तिच्याकडे बघायचे.

एकदा मी विचारलं, “आत्या, पुढच्या वर्षी कुठे लावायची हळद?”

ती हातातली चादर झटकत म्हणाली, “पपईच्या पलीकडे. एकाच जागी दोनदा घेऊ नये, जमीन दमते.”

इतक्या सहज. खोटं बोलताना माणसाचा आवाज बदलतो, असं मला तोवर वाटत होतं.

परीक्षा झाली. दुसऱ्याच दिवशी ती मला उल्हासनगरला घेऊन गेली, कॅम्प एकमधल्या एका साड्यांच्या दुकानात. मला वाटलं, आज. दुकानातल्या पांढऱ्या गादीवर आम्ही बसलो आणि सिंधी शेठजींनी एकामागून एक साड्या उलगडायला सुरुवात केली.

“शादी किस की है, दीदी?”

“सहेली की,” आत्या म्हणाली. माझ्याकडे न बघता.

एक हिरवी, जरीच्या काठांची साडी तिने खांद्यावर टाकून आरशात बघितली. पदर सारखा केला, मान थोडी तिरकी केली. शेठजी हसले. “सहेली का रंग भी आप जैसा ही है क्या?”

“हाँ, एकदम मेरे जैसा.” तीही हसली, कानांपर्यंत लाल झाली. आरशात मी होते, तिच्या कमरेमागे, मांडीवर पिशवी घट्ट धरून. तिला मी दिसले असणार. “कशी वाटते गं?” तिने विचारलं. मी म्हणाले, “छान आहे.” ती खरोखर छान होती.

सांगितलं शेवटी आईने, रविवारी माझ्या केसांना तेल लावताना, मागून, म्हणजे चेहरा दिसायला नको. आत्याचं ठरलंय... दापोलीला शाळेत शिकवतात... सुट्टीत जाशील ना तू तिकडे... मी हो म्हटलं. आई स्वयंपाकघरात जाऊन आत्याला म्हणाली, “घेतलं गं तिने नीट. उगीच घाबरत होतो आपण.” आणि आत्याने मोठा श्वास सोडला, तोही मला ऐकू आला.

गप्प माणसाचं हे एक असतं – ते रागावलं तरी कुणाला कळत नाही. बोलक्या मुलीने अबोला धरला असता तर घर हललं असतं. माझा अबोला कुणी ओळखलाच नाही. ती असतेच तशी, म्हणाले.

हळदीच्या दिवशी मंदाकाकूंनी मुसळाला आंब्याची पानं बांधली. सवाशिणी जमल्या, उखळात माझी हळकुंडं पडली आणि बायका गाणी म्हणत कांडू लागल्या. एवढा भगवा पिवळा रंग मी पुन्हा पाहिला नाही. “भाचीच्या हातची हळद हो ही! दुकानाची नाय!” मंदाकाकू प्रत्येकीला सांगत होत्या. पाटावर बसलेली आत्या ओलसर डोळ्यांनी म्हणाली, “ये गं, पहिली तू लाव.” मी तिच्या पावलाला बोट लावलं. तिने माझा हात धरून गालाशी नेला आणि बायका म्हणाल्या, “लाजली बघा पोरगी!”

दापोलीला मी गेले, एकदाच. नंतर अभ्यास, क्लासेस, डोकेदुखी... कारणं सापडत गेली. तिचे फोन यायचे, मी ‘बरी आहे’ म्हणायचे. घरातला कोंबडा गेला, मग कोंबड्या. आई दमून यायची आणि कुकर लावायची. तिचा दोष नव्हता, आणि भूक भागतच होती. मंदाकाकूंच्या खाचरांवर इमारती आल्या, त्यांच्या सावलीत आमच्या अंगणातलं ऊन दुपारीच संपतं. तूप मी अजून घरी कढवते, वालही सोलते. आता एकटीच सोलते, आणि कुणाशी न बोलता ते काम फार लवकर होतं.

या दिवाळीत आत्या आली, तिच्या चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन. केस पांढरे झालेत तिचे, हात तसेच आहेत. ती शंकरपाळ्यांचं पीठ मळत होती, मी लाटत होते, तिची मुलगी कातत होती. आई तळायला बसलेली. बोलता बोलता आत्या मुलीला सांगू लागली, अगदी मायेने, “ही ताई ना तुझी, फार भाबडी होती लहानपणी. लग्न ठरलेलं माझं, घरभर माहीत, आणि हिला शेवटपर्यंत पत्ताच नाही! साडीसुद्धा हिच्यासमोर घेतली मी. सहेली की म्हटलं, तर हिला खरं वाटलं!”

आई हसली. ती मुलगी हसली नाही. तिने माझ्याकडे बघितलं. बहुतेक तीही कमी बोलणारी आहे.

मी लाटणं खाली ठेवलं. जीभ टाळ्याला चिकटलेली होती, नेहमीसारखीच. पण या वेळी मी थांबले, ती सुटेपर्यंत.

“मला माहीत होतं, आत्या,” मी म्हणाले. “मंदाकाकू बोलल्या तेव्हा मी मोरीतच होते. तू सांगशील म्हणून रोज वाट बघत होते.”